जुनी दांडी, नव्या तारा

आमच्या घरी मागच्या रमजान ईदपासून एकच वाद चालू होता. दुरुस्त करायची की नवी घ्यायची? शेजारपाजारच्यांना वाटले, शिलाई मशीनबद्दल बोलणे चालले असेल. वाद होता गिटारचा, आणि तीही इलेक्ट्रिक गिटारचा. उलव्यासारख्या ठिकाणी, हप्त्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दुधाचा आणि रिक्षाचा खर्चही वहीत लिहिणाऱ्या मुसलमान घरात असा वाद व्हावा, याचे आमच्या नातेवाइकांना नवल वाटले. काहींना हसू आले. एक-दोघांना ते आवडलेही नाही.

आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको. या प्रकरणात आम्हा दोघांचे सुरुवातीला एकमत नव्हते, म्हणून दोघांच्या वतीने लिहिताना 'आम्ही' म्हणणे थोडे धाडसाचेच आहे. पण शेवटी जे ठरले ते दोघांनी मिळून ठरवले. म्हणून 'आम्ही'.

गिटार मामूंची. आमच्यातल्या एकाचे ते सख्खे मामा आणि दुसरीचे मामेसासरे, पण दोघांच्याही तोंडी 'मामू'च. आमची धाकटी लेकही त्यांना मामूच म्हणते. मामू श्रीवर्धनचे. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांतली माणसे जशी जहाजावर गेली, तसे तेही गेले. १९७२ साली त्यांचे मालवाहू जहाज जपानमधल्या कोबे बंदराला लागले होते. तिथे इतर खलाशांनी ट्रान्झिस्टर घेतले, घड्याळे घेतली, घरच्या बायकांसाठी नायलॉनच्या साड्या घेतल्या. मामूंनी गिटार घेतली. घरी आल्यावर त्यांच्या वालिदांनी विचारले, "हे काय खायचे आहे?" मामूंकडे उत्तर नव्हते. गिटार डोंगरीला गावकीच्या खोलीत राहिली. दोन सफरींच्या मध्ये जे तीन-चार महिने मिळत, त्यांत मामू लग्नांत, जलशांत, ऑर्केस्ट्रात वाजवत.

त्या दिवसांत मुंबईत गिटारची हवाच होती. १९७१ साली 'हरे रामा हरे कृष्णा' आला. राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातली त्यातली गाजलेली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली. पुढे गझलगायक म्हणून आपण ज्यांना ओळखू लागलो तेच हे. १९७३ साली नासिर हुसेन यांचा 'यादों की बारात' आला, गाणी मजरूह सुलतानपुरी यांची, आणि पडद्यावर गिटार घेऊन उभा राहिलेला तारिक. मोहल्ल्यातल्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा कळले, की गिटार आपल्यासारख्या नावाचा मुलगाही गळ्यात अडकवू शकतो. हे वाक्य मामूंचे आहे.

जहाजाची नोकरी संपली, लग्ने लागली, पोरे झाली. गिटार श्रीवर्धनच्या घरी सागाच्या पेटीत गेली. मामू आता ऐंशीच्या घरात आहेत. हात थरथरतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले, तेव्हा एसटीतून ती पेटी घेऊनच आले आणि लेकीच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "बघ, चालते का."

लेक अकरावीत आहे. नेरूळला एका क्लासात दीड वर्षापासून गिटार शिकते, तीही मैत्रिणीची मागून आणलेली साधी लाकडी. तिला इलेक्ट्रिक हवी होती. तिने पेटी उघडली, तारा बदलल्या, आणि पंधरा दिवसांत कंटाळली. तारा दांडीपासून इतक्या उंच, की दाबता दाबता बोटांना चिरा पडत. सूर जुळत नसे. अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की भुंग्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज येई. क्लासच्या सरांनी गिटार हातात घेऊन पाहिली आणि सांगितले, "हिच्यामागे लागू नका. नवी घ्या."

आता घरात दोन पक्ष झाले. एक म्हणे, मामूंची निशाणी आहे, लागेल तो खर्च करू, नवे पिकअप बसवू, ती उभी करू. दुसरा म्हणे, निशाणी भिंतीवर टांगा, पोरीच्या बोटांना कशाला शिक्षा? बाजूला काढलेले पैसे होते तीस हजार. तेही दोन वर्षांत साठवलेले. दोन्ही करण्याची ऐपत नव्हती.

तिसरा पक्ष अम्मीचा. गाण्याबजावण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तसे ते आमच्या घरातही आहेत. अम्मीला हा प्रकार मनापासून पसंत नाही. पण तिने नातीला कधी तोडून बोलले नाही. तिच्या अटी साध्या: अजान आणि नमाजच्या वेळी आवाज नको, रमजानमध्ये पेटी बंद, आणि अभ्यास आधी. "बाकी तुम्ही जाणा आणि तुमचा अल्ला जाणे," असे म्हणून ती तसबीह घेऊन आत जाते. इलेक्ट्रिक गिटारचा एक गुण मात्र तिलाही पटला. हेडफोन लावला की घरात कोणालाच ऐकू येत नाही. लाकडी गिटारला ही सोय नाही.

निर्णय घ्यायचा तर ती वस्तू आधी समजून घ्यावी लागते. आम्हाला दोघांनाही गिटारमधले काही कळत नव्हते. सहा महिन्यांत जे कळले ते इथे सांगतो, कारण प्रत्येक घरात काही ना काही जुने असतेच.

इलेक्ट्रिक गिटारची तार पोलादी असते. तिच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ती वायरने अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाते आणि तिथे मोठी होऊन आवाज बनते. म्हणजे लाकडी गिटारचा आवाज तिच्या पोकळ पोटातून येतो, तर इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तार, पिकअप, वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर या साखळीतून येतो. साखळीतली एक कडी गंजली तरी आपण म्हणतो, गिटार बिघडली.

या वाद्याचा जन्मही गमतीचा आहे. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार अमेरिकेत १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने आणली. दिसायला ती दांडीच्या तव्यासारखी, म्हणून तिचे टोपणनावही 'तवा' याच अर्थाचे पडले. ती गळ्यात अडकवायची नव्हती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवून वाजवायची. हवाई बेटांवरची ती पद्धत. आपल्याकडेही ती फार लोकप्रिय झाली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या धुनांच्या तबकड्या घरोघरी वाजत. ही कांडी पुढे आमच्या गोष्टीतही येणार आहे.

आमच्या इमारतीमागे जुने गावठाण आहे. तिथला एक आगरी तरुण बेंजो पार्टीत वाजवतो. उरण-पनवेल पट्ट्यात हळदीला बेंजो नसेल तर हळद लागली असे कोणी मानत नाही. आणि कव्वालीच्या मैफलीत हाच बेंजो हार्मोनियमच्या शेजारी बसलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. मूळ वाद्य जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने टाइपरायटरसारख्या कळा लावून ते तयार केले. आपल्याकडे येऊन त्याचे बुलबुल तरंग झाले, मग बेंजो झाला, मग त्याला पिकअप बसले आणि तो दर्ग्याच्या उरसात आणि हळदीच्या मांडवात सारख्याच हक्काने वाजू लागला. गिटार परकी आहे, असे कोणी म्हटले की आम्ही आता त्याला बेंजोची हकिकत सांगतो.

तर हा तरुण एका रविवारी सोल्डरिंगची कांडी आणि मीटर घेऊन आला. मागची प्लेट उघडली. दोन्ही पिकअपना मीटर लावले. दोन्हींत सहा हजार ओहमच्या आसपास रोध दाखवला, म्हणजे वेढे शाबूत. मग त्याने आवाज कमीजास्त करायचे बटण फिरवले तेव्हा खरखर झाली. जॅकची पत्ती सैल होती. अर्थची वायर जागेवरून सुटलेली होती. तो म्हणाला, "काका, गिटार नाय बिघरली, वायर बिघरलीय."

पण मामूंच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र त्याने हात लावायला नकार दिला. तो काचेच्या व्हॉल्व्हचा, दोन पिनांचा, अर्थ नसलेला. अशा यंत्राच्या पेटीत दोष असला आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवर असला, तर शॉक सरळ माणसाला लागतो. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर वीज धरून असतात, म्हणून जाणकाराशिवाय तो उघडूही नये. "हा शोकेसमध्ये ठेवा," असे त्याने बजावले. त्या क्षणी आमच्या लक्षात आले, की आम्ही ज्याला एक प्रश्न समजत होतो ते दोन प्रश्न होते. एकाच पेटीतून आलेल्या दोन वस्तू, पण एकीला दुरुस्ती योग्य आणि दुसरीला निवृत्ती. जुन्याला जुने म्हणून एकाच मापाने मोजता येत नाही.

आवाजाचे निभावले, पण बोटांचे काय? त्यासाठी आम्ही गिटार घेऊन मुंबईला निघालो. आता उलव्याहून मुंबई गाठणे पूर्वीसारखे राहिलेले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपर आणि बामणडोंगरीला लोकल आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. आम्ही लोकलनेच गेलो. आधी धोबीतलावला, जिथे १८६५ पासूनचे फुर्ताडोज आहे. काचेच्या दुकानात रांगेने टांगलेल्या नव्या गिटारी पाहून लेकीचे डोळे फिरले. तिने एक घेतली, वाजवली. तारा लोण्यासारख्या. तेवीस हजार.

ती गिटार चांगलीच होती, हे सांगितलेच पाहिजे. पूर्वी स्वस्त नवी गिटार म्हणजे डोकेदुखी असे. आता इंडोनेशियात, चीनमध्ये संगणकावर चालणारी यंत्रे दांडी कोरतात. शंभरावी दांडी पहिलीसारखीच निघते. सुरुवातीच्या किमतीतली नवी गिटारही सुरात वाजते. 'जुने ते सोने' हे आमच्यातल्या एका पक्षाचे वाक्य त्या दुकानात फिके पडले.

तिथून आम्ही एका जुन्या कारागिराकडे गेलो. वांद्र्यात एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचे टेबल आहे. त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि दांडीच्या शेवटाकडून टोकाकडे पाहिले. पीळ आहे का, ते असे कळते. मग पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली. दाबलेली तार सरळ पट्टीचे काम करते. मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांत कागद जाईल एवढीच फट हवी. गिटारवाले त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे ते पडदेच, फक्त हलत नाहीत. फट बरीच जास्त होती. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते. तारांच्या ओढीने दांडी वाकते, तिला ही सळई उलट बाजूने ओढून सरळ ठेवते. त्यांनी चावी लावली. आम्ही श्वास धरला. पन्नास वर्षांत ती सळई गंजून अडकली असती किंवा तुटली असती, तर विषय तिथेच संपला असता. चावी फिरली. पाव वळसा, थोडे थांबून आणखी पाव. फट कागदावर आली.

मग ते म्हणाले, "हिचे सगळे बदलता येते. पिकअप, खुंट्या, बटणे, घोडी, सगळे बाजारात मिळते. दांडी गेली तर गिटार गेली. दांडी चांगली आहे."

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास दांडी स्क्रूने जोडायला सुरुवात केली. ती खराब झाली तर बदलता यावी, हा त्यातला एक हेतू. पण तशी दांडी बदलायची तर त्याच मापाची दुसरी मिळायला हवी. आमच्या गिटारवर कंपनीचे नावही उरलेले नाही. त्या काळी जपानचे कारखाने परदेशी दुकानदारांना हव्या त्या नावाच्या गिटारी बनवून देत. तिची जोड मिळणे कठीण होते. म्हणून दांडी हाच आमचा निकाल होता.

त्यांनी पट्टी घेऊन वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजले. बारा इंच. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणजे तार चोवीस इंचांची. दुकानातल्या नवीची साडेपंचवीस. तार आखूड असली की तोच सूर कमी ताणात मिळतो आणि पडदेही जवळजवळ येतात. लहान हाताला ते सोयीचे. म्हणजे ही गिटार खरे तर आमच्या लेकीच्या हाताला नवीपेक्षा मऊ लागायला हवी होती. मग बोटे का चिरत होती?

उत्तर त्यांना पडद्यांवरून मिळाले. पन्नास वर्षांची गिटार, पण पडद्यांवर तारांच्या खाचाच नव्हत्या. जी गिटार वर्षानुवर्षे वाजली तिचे पडदे झिजलेच पाहिजेत. त्यांनी दांडीच्या टोकाशी पाहिले. तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीवर आणखी एक लोखंडी पट्टी चढवलेली होती. तारा मुद्दाम उंच केलेल्या. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडीने वाजवलेली होती. कांडी पडद्यांना टेकत नाही, म्हणून पडदे कोरे राहिले. आणि तारा उंच होत्या, म्हणून लेकीची बोटे चिरली.

घरी येऊन मामूंना विचारले. ते ऑपरेशनचा काळा चष्मा लावून बसले होते. हसले. "ऑर्केस्ट्रात गिटारवाले तिघे झाले. हवाई वाजवणारा कोणी नव्हता. मी पट्टी चढवली. त्यात दोन रुपये जास्त मिळत." मग म्हणाले, "तुम्ही काय समजत होता, मी ती जशीच्या तशी ठेवली? खुंट्याही एकदा बदलल्यात."

आमच्यातला जो पक्ष निशाणी जशीच्या तशी जपायला निघाला होता, तो या एका वाक्याने मोकळा झाला. मामूंना जी गिटार मिळाली ती त्यांनी आपल्या पोटापाण्यासाठी, आपल्या हातासाठी बदलली होती. आता ती लेकीच्या हातासाठी बदलली तर त्यात त्यांची कोणतीच आठवण पुसली जात नव्हती. आपल्या घरातल्या गोधड्या पाहा. दादीने शिवलेली गोधडी म्हणतो आपण. तिच्यातले वरचे कापड दोनदा बदललेले असते, कडा कोणी काकीने घातलेली असते. तरी ती दादीचीच.

याच सुमारास एका लग्नाच्या निमित्ताने मिरजेला जाणे झाले. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरसात आजही त्यांच्या आठवणीत गाणे होते. आणि मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचे गाव. हत्यारांना धार लावणारे, तलवारी घडवणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम आटल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. आपल्याच मराठी मुसलमान कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या देशातल्या मोठमोठ्या गवयांना तंबोरे पुरवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तिथे एका दुकानात दुरुस्तीला आलेला जुना तंबोरा पाहिला. भोपळ्याला चीर गेलेली. कारागीर ती आतून सांधत होते. जवारी नव्याने काढायची होती. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, मग तिचा माथा पुन्हा घासून तोच झंकार आणावा लागतो. हे काम एकदा करून संपत नाही. वाजणाऱ्या तंबोऱ्याला ते पुन्हा पुन्हा लागते. आम्ही विचारले, यापेक्षा नवा का घेत नाहीत लोक? त्यांनी कानस खाली ठेवली नाही. म्हणाले, "ज्याच्याकडे वाजवणारा आहे तो दुरुस्त करतो. ज्याच्याकडे नाही तो विकतो. वाद्याच्या वयाचा त्यात संबंध नाही."

परतीच्या गाडीत आम्ही यावरच बोलत होतो.

उलव्यात राहताना नव्या-जुन्याचा विचार टाळता येत नाही. आम्ही आलो तेव्हा समोर टेकडी होती, तिला सुरुंग लागत. टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. उलवे, तरघर, कोंबडभुजे अशी गावेच्या गावे उठली. आठ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पंचवीस डिसेंबरला पहिली विमाने उडाली. आमच्या नोडला उलवे म्हणतात, पण ज्या गावाचे ते नाव, ते आपल्या जुन्या जागी उरले नाही. बेंजोवाल्या तरुणाच्या मामाचे घर त्या उठलेल्या गावांतले. नवे घर काँक्रीटचे बांधले, पण दाराची सागवानी चौकट जुन्या घराची काढून आणून बसवली. गवंडी म्हणत होता, मापात बसत नाही, नवी घ्या. त्यांनी भिंत दोन इंच सोडायला लावली. सगळे घर वाचवता आले नाही. जे वाचण्याजोगे होते आणि रोज वापरात येणार होते, ते त्यांनी वाचवले. त्यांनी तुळया आणल्या नाहीत, त्या किडल्या होत्या.

मग आम्ही वही काढली. पडदे घासून सारखे करणे, पंधराशे. वरची नवी पट्टी, म्हशीच्या हाडाची, आठशे. प्लास्टिकची स्वस्त मिळते, पण हाड कठीण असते, खाच लवकर झिजत नाही. वायरिंग, बटणे, जॅक आणि आतून तांब्याचा पत्रा लावून गुणगुण कमी करणे, अठराशे. खुंट्यांचा संच, सोळाशे. तारा आणि शेवटची जुळवणी, पंधराशे. एकूण सात हजार दोनशे. नवा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, तीन पिनांचा, हेडफोनची सोय असलेला, नऊ हजार. दोन्ही मिळून सोळा हजार दोनशे. नवे पिकअप घातले असते तर आठ हजार आणखी. आणि नवी गिटार, अ‍ॅम्प्लिफायरसह, बत्तीस हजार.

आकडे पाहून निर्णय सोपा वाटेल. तो तसा नाही. नवी गिटार उद्या विकली तर निम्मे-अर्धे पैसे परत येतात. जुनीवर घातलेला रुपया परत येत नाही. नाव नसलेल्या गिटारला नवे पिकअप बसवले म्हणून तिची किंमत तेवढ्याने वाढत नाही. दुरुस्तीचा खर्च हा वापराचा खर्च आहे, ठेव नव्हे. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, फक्त तेवढेच बदलायचे ज्याने ती वाजवण्याजोगी होईल. पिकअप शाबूत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. सगळे एकदम बदलले तर कशाने काय सुधारले, हेही कळत नाही. दुसरी, शेवटचा शब्द लेकीचा. कारण मामूंची माया आमची होती, बोटे तिची.

तिला आम्ही दोन्ही हिशेब दाखवले. आणि तिसरीही गोष्ट सांगितली, जी कारागिरांनी आम्हाला सांगितली होती. उलवे खाडीकाठी आहे. हवेत मीठ आणि पावसाळ्यात ओल. इथे पोलादी तार पुसून ठेवली नाही तर महिन्याभरात गंजते. ओल-सुक्याने दांडी हलते, वर्षातून दोनदा सळई पाहावी लागेल. नवी गिटारही हे मागतेच, पण नवी दोन-चार वर्षे तक्रार सहन करते. जुनी लगेच बोलते. तुला हे रोज करायचे आहे का?

तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "पट्टी काढल्यावर मी एकदा वाजवून बघू? मग सांगते." हे आम्हाला सुचले नव्हते. कारागिरांनी लोखंडी पट्टी उतरवली, खालची जुनी पट्टी झिजलेली होती, तिच्यावरच तात्पुरत्या तारा चढवल्या. तिने अर्धा तास वाजवली. सूर अजून हलत होता, गुणगुण होती. पण बोटे पोचत होती. ती म्हणाली, "हीच करा. आणि पुसायचा कपडा मला आणून द्या."

काम दहा दिवसांत झाले. उरलेले तेरा हजार आठशे रुपये तिच्या नावाने वेगळे ठेवले आहेत. ज्या दिवशी ही गिटार तिला अपुरी पडेल, सरांच्या सांगण्यावरून नव्हे, तिच्या स्वतःच्या वाजवण्याला, त्या दिवशी त्यांत भर घालून ती नवी घेईल. तेव्हा आम्ही आडवे येणार नाही. जुन्या खुंट्या आणि ती लोखंडी पट्टी एका पाकिटात घालून पेटीत ठेवली आहे. पुढे कोणाला मांडीवर घेऊन वाजवावीशी वाटली तर सापडेल.

मामूंना हेडफोन मानवला नाही. कानांना कमी ऐकू येते. त्यांनी वायर काढायला लावली, आणि लेक वाजवत असताना गिटारच्या लाकडावर थरथरता पंजा टेकवून बसले. बराच वेळाने म्हणाले, "तिसरी तार किंचित उतरलीय." लेकीने खुंटी पिळली. उतरलेलीच होती.

आता रोज रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या घरात एक काम होते. लेक सहाही तारा वरून खाली पुसते. कधी विसरली तर आतून अम्मीचा आवाज येतो, "तारा पुसल्या का गं?"